सायकल, चाक आणि फ्रीव्हील एकाच धातूतले?

दहाचा_पाना
नारायण पेठेत सायकल दुरुस्तीचं दुकान आहे माझं. रिंगचा आउट, म्हणजे वाकडेपणा, काढत होतो, तेवढ्यात संस्कृत शिकणारी एक मुलगी म्हणाली, "काका, सायकल, चाक आणि फ्रीव्हीलमधलं व्हील, मूळ एकच." चाक-सायकल समजू शकतो, पण व्हील? आणि धातू, म्हणजे शब्दाचं मूळ, म्हणे 'चर्'चा पूर्वज! चरणाऱ्या म्हशीचा चाकाशी काय संबंध? पटेल असं सांगा, पांडित्य नको.

कट्टेकरी
सगळं संस्कृतातूनच गेलंय हो. विषय संपला.

धातुपाठी
संपला कसा? संस्कृत ग्रीक-लॅटिनची बहीण, आई नव्हे. ब्रिटिश न्यायाधीश विल्यम जोन्सनं १७८६ साली कलकत्त्यात हेच मांडलं होतं.

या बहिणींच्या हरवलेल्या आईभाषेतला धातू *क्वेल्, म्हणजे वळणं, फिरणं. आधीची चांदणी अशासाठी, की हे रूप कुठेही लिहिलेलं सापडत नाही, वंशज भाषा ताडून बांधलंय. त्याची द्विरुक्ती होऊन *क्वेक्लोस्. ग्रीकमध्ये क्युक्लोस, त्यावरून सायकल. संस्कृतात चक्र, प्राकृतात चक्क, आपलं चाक. जर्मानिक शाखेत (इंग्रजी, जर्मन वगैरे) 'क'चा 'ह' झाला (शंभरला लॅटिन केंटुम, इंग्रजी हंड्रेड), म्हणून जुन्या इंग्रजीत ह्वेओल आणि आता व्हील.

खरी गंमत 'चक्र'मध्येच आहे. मुळात दोन्ही 'क'च, मग पहिल्याचाच 'च' का? कारण त्याच्यापुढे 'ए' होता. 'ए' म्हणताना जीभ पुढे सरकते, आणि 'क'चा 'च' होतो. दुसऱ्यापुढे 'ल' होता (संस्कृतात त्याचा 'र' झाला), म्हणून तो 'क' वाचला. पुढे संस्कृतात त्या 'ए'चा 'अ' झाला, पण 'च' तसाच राहिला. १८७०च्या दशकात हे ध्यानात आलं. तोवर 'अ'च मूळचा, असं भलेभले धरून चालले होते!

दहाचा_पाना
हे पटलं. म्हैस राहिली.

धातुपाठी
'चरति' म्हणजे हिंडतो. गुरं हिंडत हिंडत खातात, म्हणून चरणं. लॅटिनमध्ये त्याच धातूचं कोलेरे: वस्ती करणं, जमीन कसणं. त्यातून कॉलनी आणि कल्चर. कोथरूडच्या समस्त कॉलन्या म्हशीच्या नात्यातल्या.

सूतकताई
आणि चरखा?

धातुपाठी
तोही त्यातलाच, पण फारसी 'चर्ख'वरून आलेला.

दहाचा_पाना
पुण्यात कुठे बघायला मिळेल हे?

कट्टेकरी
डेक्कन कॉलेजच्या संस्कृत महाकोशाचं काम १९४८पासून चालू आहे. छापलेले खंड अजून 'अ'मध्येच आहेत. 'चक्र' यायची वाट बघत दुकान बंद ठेवू नका.