नव्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर डाग : धूळ की मुळातलाच दोष? मदत हवी आहे

खाजनवाट :

नमस्कार मंडळी,

दिवाळीला नवा फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा) मिररलेस कॅमेरा घेतला. २४ मेगापिक्सेल, सोबत किटची झूम लेन्स. पक्ष्यांसाठी घरातली जुनी लांब लेन्स अडॅप्टर लावून वापरते. सुरुवातीला सगळे फोटो पक्ष्यांचेच काढले, लेन्सचं भोक मोठं ठेवून, एफ/५.६ किंवा एफ/६.३ वर, आणि त्यांत कुठे काही खटकलं नाही. मग गोव्यातल्या रिबंदरहून फेरीने चोडणच्या खाजनात, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीत, गेले. ओहोटीला मानशीच्या (बांधातल्या पाण्याच्या वाटेच्या) दारातून बाहेर पडणारं पाणी टिपायचं होतं. एक्स्पोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, लांबवायला भोक बारीक करून एफ/१६ लावलं. घरी संगणकावर फोटो उघडले तर आकाशात करडे डाग.

सगळ्यात ठळक डाग फोटोच्या उजव्या वरच्या कोपऱ्याजवळ आहे. मोठा करून पाहिला तर वाटोळा, मध्ये गडद आणि भोवती फिकट कडं. त्याच्या खाली काही बारके, वेड्यावाकड्या कडांचे. डावीकडे एक आखूड वाकडा तंतू. प्रत्येक फोटोत जागा तीच, लेन्स बदलली तरी तीच. मेनूतलं सेन्सर क्लीनिंग चालवून पाहिलं. तंतू किंचित सरकला, बाकीचे जागचे हलले नाहीत.

दुसरी गोष्ट. पणजीच्या मांडवीकाठावरून रात्री अटल सेतू काढला, ३० सेकंदांचं एक्स्पोजर. काळ्या पाण्यात लाल, निळे, पांढरे टिंब दिसले. हे पसरट नाहीत, एकेका पिक्सेलएवढे बारीक आहेत. त्यांचा त्या डागांशी काही संबंध असतो का?

दुकानात नेला तर म्हणाले, "धूळ वॉरंटीत बसत नाही, वापरताना आत गेली असणार." लेन्स मी घरातच बदलते, तीही क्वचित. फार आग्रह धरल्यावर म्हणाले, मुंबईला पाठवू, पण किती दिवस लागतील ते सांगता येणार नाही. ऐन हंगामात, करमळीच्या तळ्यावर पाहुणे पक्षी असताना, कॅमेरा हातातून जाऊ द्यायला जीव होत नाही. पण त्याहून मोठी अडचण खाजनाची आहे. बांध फुटून जिथे जिथे खारं पाणी शेतात शिरलं आहे, ती ठिकाणं मला त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा टिपून ठेवायची आहेत. त्या चौकटीत अर्ध्याहून जास्त जागा आकाश आणि सपाट पाणी. नेमके तिथेच डाग.

ही धूळ आहे की दोष? स्वतः साफ करावं का? की बदलून मागण्याइतकी बाजू भक्कम आहे? घरात तर बुरशी असेल असंही म्हणतायत. जाणकारांनी कृपया सांगावं.

जुना स्टुडिओ :

बुरशीची भीती आधी काढून टाका. बुरशी जाळ्यासारखी फांद्या फुटत पसरते आणि ती सहसा लेन्समध्ये धरते. तुमचं वर्णन तसं नाही.

पक्ष्यांच्या फोटोत डाग का दिसले नाहीत, त्यातच निम्मं उत्तर आहे. कचरा प्रत्यक्ष सेन्सरवर बसत नाही, त्याच्या पुढच्या फिल्टरच्या काचेवर बसतो. ती काच आणि पिक्सेल यांच्यात थोडं अंतर असतं. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, मोठं असताना प्रकाश अनेक बाजूंनी येतो आणि कणाची सावली विरघळून जाते. एफ/१६ ला तो एका बारीक भोकातून येतो, मग सावली रेखीव पडते. ट्यूबलाइटखाली बोटाची सावली पुसट आणि टॉर्चसमोर धारदार, तसंच. म्हणजे डाग पहिल्या दिवसापासून असू शकतात, तुम्हाला ते एफ/१६ लावल्यावर दिसले एवढंच.

आता एक नीट चाचणी करा. अ‍ॅपर्चर प्रायॉरिटी, आयएसओ १००, एफ/२२. संगणकावर कोरं पांढरं पान उघडा, लेन्स जवळ न्या, मॅन्युअल फोकस अनंतावर ठेवा आणि शटर उघडं असताना कॅमेरा हळूहळू फिरवा. पडद्यावरची धूळ आणि रेघा पुसल्या जातील, सेन्सरवरचं तेवढं उरेल. मग तीच चौकट एफ/४ ला घ्या. दोन्ही रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) जपून ठेवा, पुढे भांडायला लागतील. लाइटरूम हे फोटो संपादनाचं सॉफ्टवेअर असेल तर डाग काढायच्या टूलमध्ये 'व्हिज्युअलाइज स्पॉट्स' चालू करा, लपलेलंही वर येतं.

डाग सेन्सरवर कुठे शोधायचा यात बरेच गोंधळतात. लेन्स काढून समोरून आत पाहताना डावं-उजवं तसंच राहतं, फक्त वरचं खाली होतं. तुमचा उजव्या वरच्या कोपऱ्यातला डाग समोरून पाहताना उजवीकडे खाली असेल.

करमळीचा खंड्या :

रंगीत टिंबांचा धुळीशी काडीचाही संबंध नाही. ते हॉट पिक्सेल. काही पिक्सेल प्रकाश नसतानाही चार्ज गळू देतात. एक्स्पोजर लांबलं आणि सेन्सर तापला की ते उजळ दिसतात. तापमान ६ ते ८ अंशांनी वाढलं की ही गळती साधारण दुप्पट होते, त्यामुळे आपल्याकडच्या उकाड्यात रात्रीच्या फोटोंना हा त्रास जास्त. २४ मेगापिक्सेल म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. त्यातले थोडे असे निघणारच, कंपन्या तो दोष मानत नाहीत.

लेन्सवर टोपी लावून एक फोटो १/६० सेकंदाचा, एक ३० सेकंदांचा घ्या. फक्त दुसऱ्यात टिंब दिसले तर काळजी नको. १/६० लाही तोच लाल ठिपका चमकला तर तो अडकलेला पिक्सेल, आणि पांढऱ्या पानावर कायम काळा राहिला तर मेलेला. मेनूत 'पिक्सेल मॅपिंग' किंवा 'पिक्सेल रिफ्रेश' शोधा. निकॉन झेड, फुजीफिल्म, पॅनासॉनिक, ऑलिंपस यांच्या बऱ्याच मॉडेल्समध्ये आहे. कॅमेरा खराब पिक्सेल नोंदवून घेतो आणि शेजाऱ्यांवरून ती जागा भरतो. लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शननेही टिंब जातात, मात्र ३० सेकंदांच्या फोटोनंतर तेवढाच वेळ थांबावं लागतं.

खाजनवाट :

दोघांचेही मनापासून आभार. चाचण्या केल्या.

टिंब फक्त ३० सेकंदांच्या फोटोत आहेत. पिक्सेल मॅपिंग चालवल्यावर जवळजवळ सगळे गेले. तो विषय मिटला.

डागांचं मात्र उलट झालं. एफ/४ ला काही नाही, एफ/२२ ला आधी दिसले त्याहून जास्त. ब्लोअरने फुंकल्यावर तंतू आणि बारके बरेचसे गेले. कडं असलेला वाटोळा डाग ढिम्म हलला नाही, आणि तसेच आणखी काही लहान वाटोळे त्याच कोपऱ्याकडे गोळा झालेले दिसतात. ओल्या स्वॅबने (सेन्सर पुसायच्या चपट्या पट्टीने) पुसावं का?

जुना स्टुडिओ :

इथे थोडं थांबा. ब्लोअरने न हलणारे, वाटोळे, फिकट कड्याचे आणि एकाच कोपऱ्याकडे दाटलेले डाग ही बहुधा धूळ नव्हे. शटरच्या यंत्रणेतलं वंगण उडालं की असे थेंब बसतात. नव्या शटरमधून सुरुवातीला थोडं उडतं आणि पुढे थांबतं, असंही होतं. थांबलं नाही तर तो दोष.

हा प्रकार नवा नाही. निकॉन डी६०० सप्टेंबर २०१२ मध्ये आला आणि त्याच्या सेन्सरवर डाग जमत असल्याच्या तक्रारी लगेच सुरू झाल्या. शेवटी फेब्रुवारी २०१४ मध्ये कंपनीने जाहीर केलं की वॉरंटी संपलेली असली तरी तपासणी, सफाई आणि शटरसारखे भाग बदलणं मोफत करू. तेव्हा "वापरताना आत गेली" हे उत्तर प्रत्येक वेळी खरं नसतं. दुकानात जाताना 'धूळ' हा शब्दच वापरू नका. डाग दाखवा आणि ते ब्लोअरने जात नाहीत हे सांगा.

पश्चिमवारा :

वरच्या मताशी सहमत, एक भर घालतो. वॉरंटी चालू असताना स्वॅब लावू नका. साफ करणं अवघड आहे म्हणून नव्हे. फुल फ्रेमला २४ मिमीचा स्वॅब, दोन-तीन थेंब मेथॅनॉलवालं द्रव, एका दिशेने एक हात, उलटून दुसरा, आणि स्वॅब फेकून द्यायचा, एवढंच ते काम. पण आज पुसलंत तर पुरावाही पुसला जाईल, आणि फिल्टरवर बारीक ओरखडा आढळला तर तो तुमच्या माथी मारतील.

वॉरंटी संपल्यावर स्वतः करायला हरकत नाही. तेव्हाही कापसाची कांडी, चष्म्याचं फडकं, तोंडाची फुंकर आणि डब्यातली दाबाची हवा यांतलं काहीही वापरायचं नाही. डब्यातल्या हवेसोबत आतलं द्रव उडून काचेवर गोठतं. बॅटरी पूर्ण भरलेली हवी आणि मेनूतून सफाईच्या मोडमध्ये जायचं. काही मिररलेस बंद केल्यावर शटरचा पडदा पुढे आणतात. तो पडदा सेन्सरपेक्षा नाजूक असतो, त्याला नोजलही लागू देऊ नका.

आपल्याकडची धूळ वेगळी, हे मात्र खरं. डिचोली-साखळीकडे रस्त्यावरची तांबडी माती इतकी बारीक की बॅगेच्या चेनमधूनही आत शिरते. लेन्स बदलताना कॅमेऱ्याचं तोंड खाली, वाऱ्याकडे पाठ, आणि लेन्सची मागची टोपी आधी झटकून घ्यायची. कण बहुतेक वेळा त्या टोपीतूनच आत जातात. तुमच्या अडॅप्टरची आतली बाजूही पाहा, घासून सुटलेले धातूचे कण तिथे सापडतात. पावसाळ्यात घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रतामापक ठेवा. ४० ते ५० टक्के बरं.

खाजनवाट :

अडॅप्टर आतून स्वच्छ निघाला. स्वॅब लावत नाही, ठरलं. पण दुकानदार पुन्हा तेच म्हणाला तर? आणि तोवर खाजनाचं काम कसं चालू ठेवू?

करमळीचा खंड्या :

काम थांबवू नका, एफ/८ ला काढा. फुल फ्रेमवर एफ/१६ ला डिफ्रॅक्शनने (बारीक भोकातून जाताना प्रकाश पसरल्याने) धार तशीही थोडी जाते, आणि लांबच्या बांधांसाठी एफ/८ ला डेप्थ, म्हणजे जवळपासून लांबपर्यंतची स्पष्टता, भरपूर मिळते. शटर रेंगाळवायचं असेल तर एनडी फिल्टर (लेन्सपुढची प्रकाश कमी करणारी काच) घ्या. वंगणाचे डाग एफ/८ ला बरेच पुसट होतात. उरलेले संगणकावर काढता येतील, सपाट आकाशात ते सोपं जातं. पक्ष्यांना तर काहीच अडचण नाही.

पश्चिमवारा :

दुकानदाराशी तोंडी बोलणं बंद करा. बिलाची प्रत, बॉडीचा सीरियल नंबर, एफ/४ आणि एफ/२२ च्या चौकटी आणि ब्लोअरनंतरची चौकट जोडून दुकानाला आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला एकाच वेळी ईमेल करा. मागणी दोन ओळींत : शटर तपासून लेखी अहवाल द्या, वंगण उडत असेल तर वॉरंटीत भाग बदला किंवा बॉडी बदलून द्या. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे दोष काढून देणं, वस्तू बदलून देणं किंवा पैसे परत करणं, यांपैकी आदेश ग्राहक आयोग देऊ शकतो. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, पण तोवर थांबू नका.

कॅमेरा सोपवताना जॉब शीटवर 'सेन्सर सफाई' एवढंच लिहू देऊ नका. 'सेन्सरवर वंगणाचे डाग, शटर तपासणे' असं लिहून घ्या आणि त्या कागदाचा फोटो काढा. परत मिळाल्यावर काउंटरवरच एफ/२२ ला एक पांढरी चौकट घ्या. मग घरी काही दिवस भरपूर शटर चालवून पुन्हा तीच चाचणी करा. डाग त्याच कोपऱ्यात परत आले तर नुसती सफाई मान्य करू नका, बदलूनच मागा.

खाजनवाट :

ईमेल आत्ता पाठवला, तिन्ही चौकटी जोडून. 'धूळ' शब्द कुठेही नाही. काय उत्तर येतं ते इथेच लिहीन.