शब्दचर्चा : ‘रीमिक्स’ला आपल्याकडे काय म्हणतात?

महालकर :
वाचनालयात येणाऱ्या मुलांसाठी एक पत्रक करून राहिलो आहे. नेटवरचं गाणं, फोटो किंवा मजकूर घेऊन त्यातून नवीन काही करताना काय पाळावं, हा विषय. ‘रीमिक्स’पाशी अडलो. ‘पुनर्मिश्रण’ सुचवलं गेलं, पण ते वाचून एकाही पोराला रील आठवणार नाही. चांगला शब्द सुचवा.

संत्राबर्फी :
रीमिक्सच ठेवा. पोस्टी, लिंका, कमेंटी मराठीत रुळल्या, तसा हाही रुळला आहे.

शुक्रवारी तलाव :
महालकर भाऊ, एकच शब्द शोधू नका. आपल्याकडे या कामाचे प्रकार आधीच वेगळे केलेले आहेत आणि प्रत्येकाला वेगळा शब्द आहे.

पहिला शब्द ‘चाल’. भजनी मंडळाची कोणतीही वही उघडा. गाण्याच्या डोक्यावर ‘चाल : अमुक’ असं लिहिलेलं असतं. हिंदी भजनांच्या पुस्तकांत तिथेच ‘तर्ज’ येतं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात भीमगीतांच्या ज्या पुस्तिका मिळतात, त्यांतल्या बऱ्याच गाण्यांवरही हीच ओळ दिसते. सिनेमातली सुरावट घेतली, शब्द स्वतःचे घातले आणि सुरावट कुठली ते पहिल्याच ओळीत सांगितलं. हे कुणी कायद्याच्या धाकानं लिहीत नाही. गाणाऱ्याला सूर सापडावा म्हणून लिहितात, पण त्यामुळे मूळ गाण्याचं नाव टिकून राहतं. आता रील बघा. दुसऱ्याच्या गाण्याचा तुकडा आपल्या व्हिडिओतून चढवला की त्याखाली अनेकदा ‘ओरिजिनल ऑडिओ’ आणि चढवणाऱ्याचं नाव येतं. पुढचे हजारजण तोच आवाज वापरतात आणि मूळ गायकाचा पत्ता राहत नाही. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं. भजनाच्या वहीला जे जमलं, ते एवढ्या मोठ्या यंत्रणेला जमायला हवं होतं.

दुसरा शब्द ‘साचा’. मीमसाठी हाच हवा, आणि मराठी विकिपीडियावर टेम्प्लेटला साचाच म्हणतात. नागपूरकरांना साचा शिकवायची गरज नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीचे, म्हणजे पीडा घेऊन जाणाऱ्या बाईचे, मोठे पुतळे मिरवतात, तेव्हाची ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ही आरोळी ठरलेली. तिच्यात कधी महागाई बसते, कधी रोगराई, कधी भ्रष्टाचार. बडग्यांचंही, म्हणजे सोबत निघणाऱ्या पुरुषी पुतळ्यांचंही, तसंच, दरवर्षी विषय नवा. पिवळी मारबत १८८५ पासूनची. जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्सनं ‘मीम’ हा शब्द १९७६ मध्ये केला. अनुकरणातून एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जाणारी कल्पना, असा त्याचा अर्थ होता. आपल्या मिरवणुकीत हे त्याआधी नव्वद वर्षं चाललं होतं.

गोरेवाडा :
चाल आणि साचा पटले. पण नेटवर जास्त घडतं ते तिसरंच. कुणाच्या तरी लेखात दोन ओळी वाढवायच्या, शेवट बदलायचा आणि मूळ लेखकाच्याच नावानं पुढे पाठवायचा. नाहीतर स्वतःचं लिहायचं आणि खाली पुलंचं किंवा कुसुमाग्रजांचं नाव टाकायचं. याला काय म्हणायचं?

शुक्रवारी तलाव :
प्रक्षेप. मूळ मजकुरात दुसऱ्यानं मागाहून घुसवलेला भाग, असा हस्तलिखितांच्या अभ्यासातला जुना शब्द आहे. नकला करता करता ज्ञानेश्वरीत भलत्या ओव्या शिरल्या होत्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रत शुद्ध केली आणि बजावून ठेवलं की यात जो आपली ओवी घालील, त्यानं अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजा. फॉरवर्डसाठी याहून नेमकं वर्णन मला सापडलेलं नाही. चालीत मूळ सांगितलेलं असतं, साच्यात ते सगळ्यांना माहीत असतं, प्रक्षेपात ते झाकलेलं असतं. तुमच्या पत्रकात हा फरक आला पाहिजे.

नाममुद्रेनंही हे थांबत नाही. ‘तुका म्हणे’ जोडलं की अभंग तुकोबांचा, असं मानून किती रचना त्यांच्या नावावर चढल्या, हे गाथेच्या अभ्यासकांना विचारा.

संत्राबर्फी :
सुरेश भटांच्या शेरांचं उलटं होतं. गझलेतला शेर स्वतंत्र असतो, एकटा उचलला तरी अर्थ पुरा लागतो. म्हणून स्टेटसला फार सोयीचा. ज्या गावात त्यांच्या नावाचं एवढं मोठं सभागृह रेशीमबागेत आहे, तिथेच त्यांचे शेर बिननावानं फिरतात.

गोरेवाडा :
क्रियापदांकडेही बघा. ‘व्हिडिओ व्हायरल झाला’ म्हटलं की करणारा गायब. पाऊस झाला, तसा तो झाला. मराठीनं ‘व्हायरल करणे’ही घडवलं हे बरं केलं, त्यात माणूस दिसतो. पत्रकात ‘करणे’च वापरा. व्हॉट्सॲपनं २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाच चॅटपुरतीच फॉरवर्डची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूणही दिसू लागली. पण ती खूण मजकूर फिरला एवढंच सांगते. कुणी लिहिला, ते नाही.

महालकर :
कायद्याचं काय लिहू? मुलं नक्की विचारतील.

शुक्रवारी तलाव :
थोडक्यात लिहा. कॉपीराइट कायदा १९५७ चा. लेखक वारल्यावर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो. म्हणजे तुकोबांचे अभंग मोकळे, पण कुणी आज गायलेलं त्यांचं ध्वनिमुद्रण मोकळं नाही. हे मुलांना हमखास कळत नाही, म्हणून उदाहरणासकट लिहा. आपलं काम इतरांना ठरावीक अटींवर वापरू देणारे क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत. विकिपीडियाचा मजकूर अशाच परवान्याखाली घेता येतो. फक्त श्रेय द्यायचं आणि आपण केलेला बदलही त्याच अटींवर खुला ठेवायचा. प्रत्येक लेखावर ‘इतिहास पहा’ असतं, तिथे कोणता बदल कधी आणि कोणत्या खात्यावरून झाला ते दिसतं. हे मुलांना एकदा उघडून दाखवा.

महालकर :
मग असं करतो. शीर्षकात रीमिक्स, आत चाल, साचा आणि प्रक्षेप, प्रत्येकी एक उदाहरण. शेवटी मुलांनी कोरी ओळ भरायची : ‘मूळ कुणाचं, कुठून घेतलं, मी काय बदललं’.

संत्राबर्फी :
त्या ओळीत ‘साभार : व्हॉट्सॲप’ आणि ‘संकलित’ चालणार नाही, हेही छापा. संकलित म्हणजे कुणीतरी निवडून, जुळवून गोळा केलेलं. आलेलं पुढे ढकललं की त्याला हा शब्द लागत नाही.