ऑनलाइन दुकानाच्या ग्राहकसेवेतलं काम: दिवसभर नक्की काय करावं लागतं?

नवा_भिडू

ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपनीत कस्टमर सपोर्टचं काम मिळतंय. आधी फोन, मग तीन महिन्यांनी चॅट. मुलाखतीत 'संवादकौशल्य' हा शब्द दहा वेळा ऐकला, पण काम काय ते कोणी धड सांगितलं नाही. जाणकारांनी जरा उलगडून सांगा:

१. दिवसाला किती कॉल घ्यावे लागतात आणि तो आकडा ठरतो कसा?
२. तक्रारी मुख्यतः कशाच्या असतात?
३. ग्राहक भडकलेला असतो तेव्हा एजंटच्या हातात खरोखर काय असतं?
४. मार्क कशावर कापतात?
५. चॅट फोनपेक्षा सोपं असतं का?

---

हेडसेट_काढा_आता

पहिल्या प्रश्नाचं उत्तर साधं गणित आहे. ९ तासांची शिफ्ट, त्यात १ तास ब्रेक, अर्धा तास मीटिंग आणि कोचिंग. उरली ४५० मिनिटं. यातला जितका वेळ तुम्ही प्रत्यक्ष कॉलमध्ये गुंतलेले असता त्याला ऑक्युपन्सी म्हणतात. ती ८५ टक्के धरली तर ३८२ मिनिटं. एका कॉलला सरासरी ६ मिनिटं, म्हणजे दिवसाला ६३-६४ कॉल.

या ६ मिनिटांना एएचटी म्हणतात. त्यात तीन गोष्टी येतात: बोलणं, होल्ड आणि कॉल संपल्यावरची नोंद म्हणजे रॅप-अप. नव्या माणसाला वाटतं आपण बोलण्यात हळू आहोत. बहुतेक वेळा बोलणं ठीकच असतं, वेळ जातो तो रॅप-अपमध्ये. ग्राहक बोलत असतानाच नोंद लिहायची सवय लागली की तिथलं मिनिटभर सहज वाचतं.

ऑक्युपन्सीकडे मात्र नीट लक्ष ठेवा, थकवा तिथून येतो. ८५ टक्क्यांना दोन कॉलच्या मध्ये साधारण मिनिटभर मिळतं. माणसं कमी पडली आणि तीच ९५ वर गेली, तर कॉल ७१ होतात आणि मधली फट १९ सेकंदांवर येते. आकड्यात सातच कॉल वाढले, पण घोटभर पाणी प्यायचा वेळ गेला. म्हणून 'कॉल किती' यापेक्षा 'ऑक्युपन्सी किती धरता' हे विचारा. उत्तर देताना समोरचा घुटमळला तर त्यातूनही काय ते कळतंच.

ब्रेकवरून पाच मिनिटं उशिरा आलं तर एवढा गहजब का, हा प्रश्नही पुढे पडेलच. रांगेचं गणित सरळ रेषेत चालत नाही. डॅनिश गणितज्ञ आग्नर एरलांग यांनी १९१७ मध्ये टेलिफोन एक्स्चेंजसाठी जी सूत्रं मांडली, त्यांच्याच पायावर आजही शिफ्टची माणसं मोजली जातात. रांग भरलेली असताना दहातला एक जण उठला तर थांबण्याचा वेळ दहा टक्क्यांनी वाढत नाही, त्याच्या कितीतरी पट वाढतो. '८० टक्के कॉल २० सेकंदांत उचलायचे' हे जुनं उद्दिष्ट मग हातचं जातं, आणि टीएलच्या (टीम लीडरच्या) कपाळावर आठ्या येतात त्या यामुळे.

---

तिकीट_मास्तर

दुसरा प्रश्न. सगळ्यात जास्त कॉल एकाच वाक्याचे: 'माझी ऑर्डर कुठंय?' त्याखालोखाल रिफंड, मग रिटर्न, मग चुकीची किंवा तुटकी वस्तू. मोठ्या सेलनंतर कॉलची लाट ठरावीक क्रमाने येते. पहिल्या दिवशी पेमेंट अडकल्याचे कॉल, तीन-चार दिवसांनी ऑर्डर कुठंयचे, दुसऱ्या आठवड्यात रिटर्नचे. त्या काळात रजा मिळत नाही, हे आधीच धरून चला.

ट्रॅकिंग वाचता येणं हे या कामातलं निम्मं कसब आहे. 'लेबल तयार झालं' याचा अर्थ पार्सल निघालं असा नाही. कुरिअरचा पहिला स्कॅन होईपर्यंत ते गोदामातच आहे असं धरायचं आणि चौकशी गोदामाकडे करायची, कुरिअरकडे नाही. इथे चुकीच्या ठिकाणी तिकीट (म्हणजे सिस्टिममधली तक्रारीची नोंद) टाकलं की दोन दिवस फुकट जातात, कारण कुरिअर 'आमच्याकडे आलेलंच नाही' म्हणून ते बंद करतं. हबमध्ये (कुरिअरच्या मधल्या केंद्रात) शेवटचा स्कॅन होऊन पुढे काहीच नाही, तर ट्रेस टाकायचा, म्हणजे कुरिअरला पार्सल शोधायला सांगायचं. 'पत्ता सापडला नाही' दिसलं तर आधी ऑर्डरवरचा पत्ता ग्राहकाकडून बोलून घ्यायचा. फ्लॅट नंबर गाळलेला असणं हे नेहमीचंच कारण.

'डिलिव्हर झाली दाखवतंय पण मिळाली नाही' हा सगळ्यात नाजूक कॉल. क्रम असा ठेवा: एकाच ऑर्डरची दोन पार्सलं झाली होती का ते पहा. मग डिलिव्हरीचा पुरावा उघडा, म्हणजे फोटो, सही, कोड किंवा लोकेशन. फोटोतलं दार ग्राहकाचंच आहे का ते वर्णन करून विचारा. घरातलं दुसरं कोणी, शेजारी, गेटवरचा माणूस यांच्याकडे चौकशी झालीय का ते विचारा, पण चोरी पकडल्याच्या सुरात नको. हे झाल्यावरच ट्रेस. रिकामा खोका आला म्हणणाऱ्या ग्राहकासाठी हबमधलं नोंदलेलं वजन कामाला येतं. वस्तू २ किलोची आणि हबमध्ये वजन ३०० ग्रॅम, तर माल आधीच गेलेला आहे आणि ग्राहकाशी वाद घालण्यात काही हशील नाही.

---

नवा_भिडू

तिकीट_मास्तर, रिफंडचंही सांगा ना. 'रिफंड केला' म्हणतात आणि ग्राहकाकडे तर पैसे नसतात, हे कसं काय?

---

तिकीट_मास्तर

कारण 'रिफंड' या एका शब्दाखाली तीन वेगळ्या गोष्टी चालतात.

कार्डाने पैसे भरले की आधी रक्कम फक्त रोखून धरली जाते. प्रत्यक्ष वसुली नंतर, बऱ्याच ठिकाणी माल निघताना होते. त्याआधी ऑर्डर रद्द झाली तर परत करायला काही नसतंच, रोखलेली रक्कम बँक मोकळी करते. ग्राहकाला स्टेटमेंटमध्ये 'रिफंड' अशी ओळ कधीच दिसणार नाही, मूळची ओळच गायब होईल. हे सांगितलं नाही तर तो आठ दिवसांनी पुन्हा फोन करणार.

वसुली झाली असेल तर खरा रिफंड निघतो. आपल्या सिस्टिममध्ये 'पूर्ण' दिसतं म्हणजे आपण पाठवला, एवढंच. पुढे पेमेंट गेटवे आणि बँक. कार्डाच्या रिफंडला २३ अंकी एआरएन, म्हणजे त्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक, मिळतो. ग्राहकाने तो आपल्या बँकेला दिला की बँक रक्कम शोधू शकते. 'अजून थोडं थांबा' म्हणण्यापेक्षा हा नंबर देणं शंभर पटींनी बरं. खातंच बंद झालं असेल तर रक्कम फिरून कंपनीकडे येते आणि मग दुसरा मार्ग काढावा लागतो.

तिसरी भानगड अर्धवट रिफंडची. ६०० आणि ४०० किमतीच्या दोन वस्तू घेतल्या, त्यावर १०० चं कूपन लावलं. ४०० ची वस्तू परत केली तर ४०० मिळत नाहीत, ३६० मिळतात, कारण सूट किमतीच्या प्रमाणात वाटली जाते. ग्राहक म्हणतो ४० खाल्ले. त्याला नियम वाचून दाखवू नका, हेच गणित बेरीज-वजाबाकी करून सांगा. बहुतेकांना पटतं.

---

कान_टवकारून

चौथा प्रश्न, म्हणजे क्यूएची (कॉलचा दर्जा तपासणाऱ्यांची) बाजू.

रेकॉर्ड झालेल्या कॉलमधले महिन्याला थोडेसेच ऐकले जातात आणि तक्त्याप्रमाणे मार्क पडतात. 'आणखी काही मदत करू का?' विसरलात तर दोन-चार मार्क जातील. ज्याने अख्खा कॉल शून्य होतो त्याला फेटल म्हणतात. ओळख न पटवता ऑर्डरची माहिती देणं, ग्राहकाकडून बँकेचा ओटीपी किंवा सीव्हीव्ही मागणं, कॉल मुद्दाम तोडणं आणि ज्याचा अधिकार नाही ते कबूल करणं, हे चार जवळपास सगळीकडे फेटल असतात. कंपनी स्वतः ओळख पटवायला जो कोड ग्राहकाच्या नोंदलेल्या नंबरवर पाठवते तो वेगळा आणि बँकेचा वेगळा. ग्राहक घाईत दुसराच वाचून दाखवायला लागतो. त्याला तिथेच थांबवा.

ओळखीच्या बाबतीत एक गोष्ट ट्रेनिंगमध्ये भरकन सांगून टाकतात. नाव, पत्ता आणि ऑर्डर नंबर माहीत असणं म्हणजे तोच माणूस असं नव्हे. फेकून दिलेल्या खोक्याच्या लेबलवर हे सगळं बऱ्याचदा छापलेलं असतं. लबाडीचा कॉल साधारण असा येतो: माल निघालेला आहे, महागडी वस्तू आहे, फोन करणारा अतिशय गोड बोलतो, आणि त्याला आधी ईमेल बदलायचा असतो, मग पत्ता. ईमेल आणि पत्ता दोन्ही एकाच कॉलमध्ये म्हटलं की हात आखडता घ्यायचा आणि जुन्या नोंदलेल्या नंबरवर कोड पाठवायचा. खरा ग्राहक कुरकुरेल पण थांबेल.

सीसॅटचंही, म्हणजे ग्राहक किती समाधानी त्या आकड्याचंही, ऐकून ठेवा. महिन्यात २० जणांनी सर्व्हे भरला तर एकाचं वाईट मत म्हणजे सरळ ५ टक्के. ते मत अनेकदा तुमच्याबद्दल नसतंच, कुरिअरबद्दल असतं, पण आकडा तुमच्या नावावर लागतो. अन्याय आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी तसाच राहतो. 'मला पाच स्टार द्या' असं मात्र म्हणू नका, तेही तपासणीत पकडलं जातं.

---

हेडसेट_काढा_आता

तिसऱ्या प्रश्नाला अजून कोणी हात घातला नाही, म्हणून लिहितो.

एजंटच्या हातात फार काही नसतं. ठरावीक मर्यादेपर्यंत रिफंड, एखादं कूपन, बदली वस्तू, तिकीट वरच्यांकडे पाठवणं. कुरिअरची गाडी कोणी एजंट हलवू शकत नाही. पण 'कुठे अडकलंय' आणि 'मी परत कधी कळवणार' या दोन गोष्टी खऱ्या सांगणं पूर्ण हातात असतं. ग्राहक दुसऱ्यांदा भडकतो तो याच दोन गोष्टींवरून.

पहिलं मिनिटभर मध्ये बोलू नका. 'आपली गैरसोय झाली त्याबद्दल दिलगीर आहोत' हे वाक्य स्क्रिप्टमध्ये असतं आणि ते ऐकून माणूस आणखी पेटतो, कारण ते कोणालाही चालेल असं असतं. त्याचंच म्हणणं त्याला तपशिलाने परत सांगा: 'मंगळवारी यायचं होतं, आज शनिवार आहे, आणि दोनदा दार बंद होतं असा शेरा मारलाय, तुम्ही मात्र घरीच होतात. बरोबर ना?' यावर 'हो' आलं की आवाज खाली येतो. होल्डवर टाकताना कशासाठी आणि किती वेळ ते सांगा, आणि उत्तर मिळालेलं नसलं तरी दर दोन मिनिटांनी परत या. शिवीगाळ झाली तर किती वेळा बजावून कॉल तोडता येतो, हा नियम पहिल्याच दिवशी लेखी मागून घ्या.

आणि नोंद! 'ग्राहक फार चिडलाय, लवकर करा' ही नोंद नव्हे. पुढच्या एजंटला उपयोगी पडते ती अशी:

'२ पार्सलपैकी १ मिळालं. दुसऱ्याचा शेवटचा स्कॅन मंगळवार १४:१०, सॉर्टिंग हब. कुरिअरकडे ट्रेस टाकला. गुरुवारी ६ पर्यंत ईमेलने कळवणार असं सांगितलं. रिफंड कबूल केलेला नाही.'

शेवटचं वाक्य सगळ्यात मोलाचं. नाहीतर पुढच्या कॉलला ग्राहक 'मागच्यांनी रिफंड देतो म्हटलं होतं' म्हणतो आणि खरं-खोटं करायला रेकॉर्डिंग काढावं लागतं.

एएचटीचा धाक पहिल्या महिन्यात डोक्यावर घेऊ नका. नोंद आणि ट्रॅकिंग वाचणं पक्कं झालं की वेळ आपोआप उतरतो.

---

चॅटखिडकी

वरच्या शेवटच्या मुद्द्याशी अर्धीच सहमत. एएचटी विसरा, पण होल्ड विसरू नका. पहिल्या महिन्यातला वाढीव वेळ बऱ्याचदा शेजारच्याला विचारण्यात जातो. नेहमी लागणारे आठ-दहा नियम एका पानावर समोर ठेवले तर तो वाचतो.

चॅट सोपं नाही, वेगळं आहे. एका वेळी दोन ते तीन खिडक्या उघड्या असतात. आवाजाचा ताण नाही, शिव्या कानात पडत नाहीत, पण लक्ष तीन ठिकाणी फाटतं. इथली ठरलेली चूक म्हणजे एकाचं उत्तर दुसऱ्याच्या खिडकीत चिकटवणं. त्यात नाव-पत्ता गेला तर माहिती फोडल्याचा फेटल. उपाय कंटाळवाणा आहे पण चालतो: पाठवायच्या आधी खिडकीवरच्या ऑर्डर नंबरचे शेवटचे चार अंक वाचायचे. दर वेळी.

तयार उत्तरांत नावाची रिकामी जागा तशीच राहून 'प्रिय ग्राहकाचे नाव' असं जातं, त्याचे स्क्रीनशॉट फिरतात. आणि ग्राहकाने चार प्रश्न एकदम विचारले असतील तर चारही उत्तरं एकाच संदेशात द्या. तुकड्यांत दिलीत की तो प्रत्येक तुकड्यावर नवा प्रश्न टाकतो आणि १० मिनिटांचं चॅट २५ वर जातं.

---

नवा_भिडू

सगळ्यांचे आभार, एवढं तर कंपनीच्या माहितीपत्रकातही नव्हतं. शेवटचं एकच: फुगलेल्या बॅटरीचा फोन परत करायचाय असा कॉल आला तर नेहमीचा रिटर्न टाकायचा का?

---

तिकीट_मास्तर

अजिबात नाही. खराब झालेली लिथियम बॅटरी विमानाने पाठवायला बंदी आहे, त्यामुळे नेहमीच्या पिकअपला तो फोन द्यायचा नाही. ग्राहकाला सांगा: चार्जिंग बंद, दाबायचा नाही, टोचायचा नाही, जळणाऱ्या वस्तूंपासून लांब ठेवायचा. तिकीट 'सुरक्षा' या प्रकारात टाका, 'सदोष वस्तू'त नाही. पहिलं वेगळ्या टीमकडे लगेच जातं, दुसरं रांगेत पडून राहतं.