‘मेंदूचा भाग सक्रिय झाला’ : हा शब्दप्रयोग बरोबर आहे का?

प्रश्न : एफएमआरआय, म्हणजे काम करत असलेल्या मेंदूच्या स्कॅनवरच्या लेखाचं भाषांतर करतेय. ‘ॲक्टिव्हेशन’ला मी सरळ ‘सक्रिय होणे’ टाकत चाललेय, पण पुढे लेखकच म्हणतो की स्कॅनरला चेतापेशी दिसत नाहीत, रक्त दिसतं. मग काय लिहू? आणि ‘न्यूरोव्हॅस्क्युलर कपलिंग’ला (चेतापेशींचं काम आणि रक्तप्रवाह यांचा संबंध) रुळलेला शब्द आहे का?

– ‘सक्रिय’ पेपरवाल्यांनी इतका रुळवलाय की आता कोण हलवणार. फक्त ‘पेटला’, ‘उजळला’ नको, ते रंग कॉम्प्युटर मागाहून भरतो. कपलिंगला ‘चेता-रक्तवाहिनी युग्मन’ होईल, पण वाचणारा तिथेच पान उलटेल.

– युग्मन राहू दे, आधी आत काय होतं ते बघा म्हणजे शब्द आपोआप सुचेल. एका चेतापेशीने ग्लुटामेट हे निरोप देणारं रसायन सोडलं की पुढच्या पेशीत कॅल्शियम शिरतं, त्यातून नायट्रिक ऑक्साइड वगैरे तयार होतं, शेजारच्या ॲस्ट्रोसाइट या आधार देणाऱ्या पेशीही आपली रसायनं सोडतात, आणि जवळच्या बारीक रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणजे ऑक्सिजन संपला म्हणून रक्त धावत येतं असं नाही, बरंचसं काम हा रासायनिक निरोपच करतो. आणि येतं तेही किती! फॉक्स आणि रायकल या संशोधकांनी 1988 मध्ये पेट स्कॅनवर (किरणोत्सारी द्रव्याचा माग काढणारा स्कॅन) मोजलं, डोळ्यांपुढे नक्षी हलवली तर मेंदूच्या दृष्टीच्या भागात रक्तप्रवाह 50 टक्क्यांच्या आसपास वाढला, ऑक्सिजनचा वापर जेमतेम 5 टक्के. चार पाहुण्यांसाठी चाळीस जणांचा स्वयंपाक. त्यामुळे तिथे ऑक्सिजन उरतो, ऑक्सिजन सोडलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण घटतं, ते चुंबकीय क्षेत्रात गडबड करतं म्हणून ते कमी झालं की सिग्नल वाढतो. 1990 मध्ये ओगावा या संशोधकांनी याला ‘बोल्ड’ म्हटलं, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या पातळीवर अवलंबून असलेला सिग्नल. मी कपलिंगला ‘पेशी आणि रक्तप्रवाह यांची सांगड’ लिहीन.

प्रश्नकर्ती : सांगड मस्त! न्यूरोट्रान्समीटरला ‘चेतापारेषक’ चालेल?

– पारेषण म्हटलं की मला विजेचे टॉवरच दिसतात. एकदा ‘संदेशवाहक रसायन’ म्हणा, पुढे ग्लुटामेट, गाबा अशी नावंच घ्या. गाबाचा उल्लेख हवाच, कारण इतरांना आवर घालणाऱ्या गाबावाल्या पेशींमधल्या काही स्वतःही रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणजे सिग्नल वाढला म्हणून तो भाग जोरात काम करतोय की आवर घालतोय हे नुसत्या चित्रावरून सांगता येत नाही. ‘सक्रिय’ने हा सगळा घोळ झाकला जातो, माझा आक्षेप तेवढाच आहे. त्यात कॉफीची भर. कॅफिन ॲडेनोसिन या वाहिन्या रुंदावणाऱ्या रसायनाला अडवतं, वाहिन्या आकसतात, मेंदूचा मूळ रक्तप्रवाहच कमी होतो. म्हणून स्कॅनआधी कॉफी घेतली का हे अभ्यासात विचारून ठेवलेलं बरं.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते, ‘चेहरे दाखवल्यावर या भागातला रक्तप्रवाह वाढला.’

– जवळ आलात, पण बोल्डमध्ये नुसता प्रवाह मोजत नाहीत, रक्ताचं आकारमान आणि ऑक्सिजनचा वापरही त्यात मिसळलेला असतो. निव्वळ प्रवाह मोजायचं तंत्र वेगळं आहे. ‘बोल्ड सिग्नल वाढला’ लिहा, आणि ‘सुमारे पाच सेकंदांनी कळसाला पोचला’ हेही जोडा, पेशींचं काम मात्र मिलिसेकंदांत उरकलेलं असतं.