मदत हवी आहे : शिवडीच्या जुन्या बागेबद्दल

नमस्कार मंडळी. राणीबागेत आपण सगळेच लहानपणी हत्ती-पाणघोडे बघून आलोय, पण ती बाग 1862 मध्ये भायखळ्याला सुरू झाली तेव्हा वनस्पती उद्यान होती. प्राणिसंग्रहालय आलं 1890 मध्ये. राणीबागेच्याही आधी अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी या शेती-बागकामाच्या संस्थेची बाग शिवडीला होती. ती जेमतेम काही दशकं टिकली, कारण 1860 च्या दशकात मुंबईचा म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्डने ती जागा कब्रस्तानासाठी घेतली. एवढी मेहनत घेऊन लावलेली बाग अशी पुसली गेली आणि कुणाला आठवतही नाही, याचं खरंच वाईट वाटतं.

मी यावर सविस्तर लिहितेय. शिवडीच्या बागेचा जुना नकाशा किंवा झाडांची यादी कुणी पाहिली आहे का? भायखळ्याला कोणती रोपं हलवली? आणि 1890 च्या सुमाराला राणीबागेत पहिले प्राणी कुठून आले, पिंजरे कुठे होते? त्या काळच्या मराठी वर्तमानपत्रांतलं कात्रण, घरातल्या आजी-आजोबांकडून ऐकलेली गोष्ट, काहीही चालेल. शिवडीच्या कब्रस्तानातली थोराड झाडं ओळखू शकणारं कुणी सोबत आलं तर फारच बरं होईल. रविवारी सकाळी जमेल.