प्रतिसाद: केसांचं लॉकेट आणि पंजाचा ठसा

गेलेल्या मांजरीची आठवण म्हणून तिचे केस रेझिनच्या (ओतल्यावर काचेसारखं घट्ट होणाऱ्या द्रवाच्या) लॉकेटात घालायचे म्हणताय ना ताई, आधी ते केस धुऊन सावलीत खडखडीत वाळवा. ओल राहिली की रेझिन ढगाळतं.

आमच्या मोत्या कुत्र्याच्या पंजाचा ठसा तो म्हातारा झाल्यावरच घेऊन ठेवला. मऊ मळलेल्या शाडूत पंजा दाबला, मग त्या साच्यात प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं. थेट पंजावर प्लास्टर नको, घट्ट होताना ते तापतं. एका बोटाची भेगाळलेली गादीसुद्धा उमटलीय!

नावाची पट्टी ऑनलाइन कशाला मागवता? नाशकात भांडी बाजारात पितळेवर नाव कोरून मिळतं. आणि मांजरीची रक्षा तुळशीच्या कुंडीत घालणार असाल तर चिमूटभरच, भरपूर मातीत मिसळून. क्षारांनी तुळस जळते.