सुपरचार्जर बसवा आणि विसरा? कुणी सांगितलं हे?

ऑस्टिनचा_आप्पा:
काल 'व्ही८_भक्त' यांनी इथे लिहिलं की फोर्ड मस्टँग जीटीच्या ५.० लिटर इंजिनावर सुपरचार्जरचं (इंजिनच्या बेल्टवर फिरून आत जास्त हवा कोंबणारा पंप, म्हणजेच ब्लोअर) किट चढवलं की विषय संपला. ब्लोअरचं ऑइल म्हणे कायमचं सीलबंद, प्लग एक लाख मैलांना, बाकी सगळं गाडीच्या पुस्तकाप्रमाणे, आणि कटकट काय ती टर्बोवाल्यांच्या नशिबी. खाली 'सहमत', '+१' यांची रांग. वाचून डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा.

ब्लोअर स्वतः फार क्वचित मरतो, हे मलाही मान्य. मरतं ते त्याच्या आजूबाजूचं सगळं, आणि जाताना इंजिन घेऊन जातं. ब्लोअर, बेल्ट आणि ट्यून (इंजिनच्या संगणकातला इंधन आणि ठिणगीचा हिशोब) तुम्ही नंतर आणलेत. पुस्तक त्याआधीचं आहे, त्याला यातलं काही ठाऊक नाही.

प्लगचंच घ्या. बूस्टखाली, म्हणजे ब्लोअरने कोंबलेल्या हवेच्या दाबाखाली, सिलिंडरमधला दाब वाढतो, ठिणगीला उडी मारायला जास्त व्होल्टेज लागतं. गॅप (प्लगच्या टोकांमधलं अंतर) ०.७ ते ०.८ मिमीवर आणायचा, प्लग एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर टाकणारा) घ्यायचा. गॅप झिजून वाढला की ६,००० आरपीएमच्या वर ठिणगी विझते आणि लोक इंजेक्टरला शिव्या घालतात. दर १५,००० मैलांना काढून मोजा. एक लाख मैल कसले?

दुसरं, ब्लोअरची तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरचं पाणी. हे सर्किट इंजिनच्या कूलंटपासून वेगळं, त्याचा इलेक्ट्रिक पंप वेगळा. पंप मेला तर डॅशबोर्डवर बहुधा काहीच पेटत नाही. इग्निशन ऑन करून थंड टाकीचं झाकण उघडा, पाणी हलताना दिसलं पाहिजे. लॉगमध्ये (गाडीच्या संगणकाच्या नोंदीत) ब्लोअरनंतरच्या हवेचं तापमान बघा. सरळ हायवेवर ते बाहेरच्यापेक्षा १०-१५ अंश वर असेल तर ठीक. ३० अंश वर असेल तर पंप गेलाय, सर्किटमध्ये हवा अडकलीय, नाहीतर बायपास व्हॉल्व्ह (बूस्ट नको तेव्हा हवा परत फिरवणारा) बंद अवस्थेत चिकटलाय. बाहेर थेंबही गळत नसताना टाकीतली पातळी उतरत असेल, तर गाडी चालू करू नका. इंटरकूलरचा कोअर (आतली जाळी) आत गळतोय. सर्किटला प्रेशर टेस्टर लावा, नाहीतर एखाद्या सकाळी सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर माराल आणि कनेक्टिंग रॉड वाकवून बसाल.

व्ही८_भक्त:
झालं प्रवचन? मी लिहिलं होतं ते किटबद्दल. म्हणजे उत्पादकाने दिलेली पुली, उत्पादकाचंच कॅलिब्रेशन, कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचा ईओ (परवानगीचा) क्रमांक बॉनेटखाली चिकटवलेला. अशा काही किटना प्रमाणित मेकॅनिककडून बसवल्यास ३ वर्षं किंवा ३६,००० मैलांची वॉरंटी मिळते. कंपन्या काय धर्मादाय चालवतात? रडणारे ९९ टक्के लोक दुसऱ्याच महिन्यात छोटी पुली लावतात, इंटरनेटवरून ट्यून मागवतात आणि मग 'सुपरचार्जर भरवशाचा नाही' म्हणून गळा काढतात.

पुलीचा हिशोब करा जरा. क्रँकची पुली समजा ७.५ इंच, ब्लोअरची ३ इंच. गुणोत्तर २.५. इंजिन ७,००० ला फिरलं की ब्लोअर १७,५०० ला. आता २.७५ इंचाची लावा: १९,००० च्या वर. हवा जास्त तापणार, पुलीवर बेल्टचा वेढा कमी होणार, बेल्ट घसरणार. दोष कुणाचा?

आणि ऑइलचं म्हणाल तर ईटन कंपनीच्या ब्लोअरच्या नाकातलं (पुलीकडच्या टोकातलं) ऑइल फार लांब पल्ल्याचंच असतं. उगाच उघडझाप करून सील कशाला खराब करायचं?

घासलेला_बेल्ट:
'कायमचं' या थापेला आर५३ मिनी कूपर एस हे उत्तर आहे. २००२ ते २००६ ची, ईटन एम४५, तोही कारखान्यातूनच बसवून आलेला. त्याच ब्लोअरच्या मागच्या टोकाच्या गिअरवर पाण्याचा पंप चालतो. तिथलं थोडंसं ऑइल वर्षानुवर्षं आटत जातं, दात झिजतात, पंप थांबतो, इंजिन उकळतं. 'लाइफटाइम' म्हणजे कुणाचं लाइफ?

ईटनच्या जुन्या एम मालिकेत हे काम अर्ध्या तासाचं आहे. इंजिन थंड, गाडी सपाट जागी, नाकावरचा ॲलन प्लग काढायचा, सिरिंजला नळी लावून जुनं ऑइल ओढायचं (खाली ड्रेन नाही, वास असा की हातमोजे तिथेच टाकून द्यावे लागतात), मग प्लगच्या आट्यांच्या खालच्या कडेपर्यंत नवं. जास्त भरलं की फेस होऊन सीलमधून बाहेर. दुसऱ्या कंपन्यांचं वेगळं. व्हिपलला काचेची खिडकी आहे, इंजिन बंद असताना पातळी मध्यावर हवी. प्रोचार्जरचं वेळापत्रक तर पहिल्या ५०० मैलांना, नंतर दर ६,००० मैलांना. रोट्रेक्समध्ये गिअरचे दातच नाहीत, गोल रोलर घर्षणावर फिरतात, म्हणून त्यात त्यांचं एसएक्स१५० ऑइलच लागतं. साधं गिअर ऑइल ओतलंत तर आत घसरून खलास. सगळ्यांना एकच नियम लावणारे महाभाग बघितले की हसावं की रडावं कळत नाही.

निष्क्रिय आरपीएमवर डब्यात गोट्या हलवल्यासारखा खडखडाट येतो आणि आरपीएम वाढवला की जातो, तो मात्र रोटरचा (हवा ढकलणाऱ्या आतल्या पात्यांचा) नसतो. नाकातल्या कपलरची (पुली आणि रोटर जोडणाऱ्या तुकड्याची) भोकं लांबट झालेली असतात. वस्तू स्वस्त आहे. लोक अख्खा ब्लोअर बदलतात.

चिंचवडी_पाना:
इकडच्यांसाठी एक प्रश्न. जीटी भारतात २०१६ ला आली, ४०१ पीएसवाली. तिकडे कॅलिफोर्नियात ९१ ऑक्टेनवर (ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची अवेळी न पेटण्याची ताकद) किट चालतं ना? मग आपल्याकडेही ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) येण्याआधी साधं पेट्रोल ९१ चंच होतं. अडचण काय?

ऑस्टिनचा_आप्पा:
अहो, थांबा! तिकडचं ९१ वेगळं. अमेरिकेत पंपावर (आर + एम) / २ लिहितात, म्हणजे रॉन आणि मॉन (ऑक्टेन मोजायच्या दोन पद्धती) यांची सरासरी. तिथलं ९१ म्हणजे साधारण ९५-९६ रॉन, ९३ म्हणजे ९८ च्या आसपास. भारतात पाटीवर रॉन असतो. आपलं ते ९१ रॉन म्हणजे तिकडचं जेमतेम ८७. तिकडच्या ९१ च्या ट्यूनवर तसलं पेट्रोल भरून पाय दाबलात तर पिस्टनच्या रिंगांमधल्या कडा तुटतील.

चिंचवडी_पाना:
एवढं चिडायला काय झालं? इथे १०० ऑक्टेनही मिळतं, २०२० च्या डिसेंबरपासून. परदेशात गेलं की आम्हाला काहीच कळत नाही असं वाटायला लागतं का?

घासलेला_बेल्ट:
१०० मिळतं, पण प्रत्येक पंपावर नाही. ट्यून नेहमी मिळू शकणाऱ्या सगळ्यात वाईट पेट्रोलवर करायची असते. शिवाय आता ई२० आहे. इथेनॉलला हवा कमी लागते, म्हणजे त्याच हवेला इंधन जास्त. एक भाग इंधनाला हवा किती, ते मिश्रण साध्या पेट्रोलचं १४.७, ई१० चं १४.१, ई२० चं त्याहून खाली. म्हणून वाइडबँडवर (एक्झॉस्टमधल्या ऑक्सिजन सेन्सरवर) एएफआर, म्हणजे हाच आकडा, बघू नका, लॅम्ब्डा बघा, तो त्या त्या इंधनाच्या योग्य मिश्रणाशी तुलना करतो. पूर्ण बूस्टवर ०.८० च्या आसपास. आणि पंप, इंजेक्टर आधीच काठावर असतील तर वरच्या आरपीएमला लीन (इंधन कमी) होणारच.

डेन्व्हरकर:
आमच्याकडे ९१ वर गाड्या मस्त चालतात. एवढा बाऊ कशाला?

व्ही८_भक्त:
तुमच्याकडे हवाच नाही, साहेब! समुद्रसपाटीला १४.७ पीएसआय, डेन्व्हरला १२.२ च्या आसपास. पुली तीच, म्हणजे दाबाचं गुणोत्तर साधारण तेच. जिथे आम्हाला ८ पीएसआय बूस्ट मिळतो तिथे तुम्हाला साडेसहा. म्हणून ९१ पुरतं. तीच टाकी घेऊन ह्यूस्टनला उतरा आणि पाय दाबा, नॉक (अवेळी पेटण्याचा) सेन्सर ठिणगीचं टायमिंग कसं मागे ओढतो ते लॉगमध्ये बघा.

डेन्व्हरकर:
बरं, हे पटलं. पण ई८५ (बहुतांश इथेनॉलचं इंधन) घातलं की तुमचा हा सगळा ऑक्टेनपुराण प्रश्नच मिटतो.

ऑस्टिनचा_आप्पा:
मिटत नाही, जागा बदलतो. पंपावरच्या ई८५ मध्ये इथेनॉल ५१ ते ८३ टक्के काहीही असू शकतं, हिवाळ्यात कमी. खुणांच्या परीक्षानळीत पेट्रोल आणि थोडं पाणी घालून हलवा, इथेनॉल पाण्यात उतरतं, फुगलेला खालचा थर मोजा. नाहीतर इथेनॉलचं प्रमाण मोजणारा फ्लेक्स फ्युएल सेन्सर लावा. आणि ३० टक्के जास्त इंधन ओढायची पंपाची ताकद आहे का ते आधी बघा.

शंकासूर:
धागा सुपरचार्जरचा होता. पेट्रोल पंपावरून परत या. आणि चिंचवडी, ऑक्टेनआधी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ (गाडीत फेरफार करण्यावरचं) वाचा.

घासलेला_बेल्ट:
आलो. व्ही८_भक्तांनी सोयीस्करपणे गाळलेला मुद्दा: ५.० कोयोटच्या (मस्टँगच्याच इंजिनाच्या) ऑइल पंपाचे गिअर पावडर मेटलचे (धातूची भुकटी दाबून केलेले, ठिसूळ) असतात, आणि पंप थेट क्रँकवर. रेव्ह लिमिटरवर आदळणं, टायरचं उड्या मारणं, त्यात ब्लोअरच्या बेल्टचा क्रँकवरचा ओढा. गिअर फुटला की ऑइलचा दाब शून्य. नंतर बदलायचं तर डॅम्पर, व्हॉल्व्ह कव्हर, पुढचं टायमिंग कव्हर सगळं उघडा. किट बसवतानाच बिलेटचे (अखंड धातूतून कापलेले) घाला, क्रँकचा स्प्रॉकेटही. जीएमच्या एलएस इंजिनात क्रँकच्या पुलीला चावीच नसते, म्हणून त्या किटमध्ये पिन मारायला सांगतात. मूळ डिझाइन ब्लोअरचा भार धरून केलेलं नव्हतं, एवढाच अर्थ.

व्ही८_भक्त:
कमी बूस्टवर, मूळ पुलीवर मूळ गिअर असलेल्या कितीतरी गाड्या बिनबोभाट चालताहेत. लिमिटरवर आदळणं हा चालकाचा दोष. हजारो डॉलरचं काम 'कदाचित'साठी करायचं?

ऑस्टिनचा_आप्पा:
ते ज्याने त्याने ठरवावं. पण बेल्ट तरी बघा! हल्लीचे ईपीडीएम (कृत्रिम रबराचे) बेल्ट तडकत नाहीत, खाचा झिजतात, वरून नवाकोराच दिसतो. खाचांचा गेज दोन-तीन डॉलरला मिळतो. पुलीभोवती काळी भुकटी, खाचांवर चकाकी, आणि लॉगमध्ये ६,००० नंतर उतरणारा बूस्ट: बेल्ट घसरतोय. आधी एअर फिल्टर तुंबलेला नाही ना तेवढं बघा, लक्षण सारखंच. बेल्टवर स्प्रे मारू नका. पट्टी धरून पुल्या एका रेषेत आहेत का बघा, टेन्शनरचा हात टोकाला टेकलाय का बघा. टेकला असेल तर बेल्टची लांबीच चुकलीय.

आणि कॅच कॅन, म्हणजे ऑइलची वाफ अडवणारा डबा. बूस्टच्या वेळी पीसीव्हीतून (इंजिनच्या तळातली वाफ परत आत नेणाऱ्या नळीतून) ऑइलची वाफ इंटरकूलरवर बसते, गारवा घटतो, ऑक्टेनही. दर ऑइल बदलीला रिकामा करा. मिनेसोटावाल्यांनी थंडीत दर आठवड्याला, कारण आत पाणी आणि ऑइलचा लगदा गोठला की क्रँककेसचा दाब मागचं सील फोडतो.

व्ही८_भक्त:
ठीक. प्लग १५,००० ला बघायचे, मान्य. पाण्याचा पंपही मान्य, इग्निशन ऑन करून झाकण उघडायला पैसे पडत नाहीत. २०१८ नंतरच्या गाड्यांचं कॉम्प्रेशन १२ ला १ आहे, म्हणून त्यांना पेट्रोलबाबत जरा जपायचं, हेही लिहून घ्या माझ्या नावावर. ऑइल पंपाचे गिअर मात्र अमान्य. अजिबात अमान्य.

घासलेला_बेल्ट:
लिमिटरला पाय लागू देऊ नका मग.